टोपी घातल्याशिवाय आत प्रवेश नाही

डॉक्टर : हात काढू नका.

झुलाल : काढस नही.

डॉक्टर : बघायलासुद्धा काढू नका. लोक बघायला काढतात आणि मग बघण्यासारखं काही उरत नाही.

झुलाल : माले काही बघनं नही. मी यांच्याकडे नऊ वर्षांपासून बघत नही.

(जळगावातला एक दवाखाना, भर दुपार. धरणगावहून आलेली मेटाडोर दारात उभी. स्ट्रेचरवर अभिमन नाना. घशाच्या कॅन्सरमुळे श्वासासाठी गळ्यात नळी, त्यामुळे बोलता येत नाही. त्यांच्या मानेवर लाल झालेला टॉवेल, टॉवेलावर झुलाल यांचा हात.)

डॉक्टर : सिस्टर, दोन्ही हातांना सलाईन लावा. रक्ताच्या पिशव्या मागवा. नळीतलं रक्त ओढत राहा, छातीत उतरता कामा नये. हं. तुम्ही यांचे कोण?

भागाबाई : हे झुलालभाऊ, आमचे व्याही, डॉक्टरसाहेब. मी नानांची बायको. आमची प्रमिला यांच्या घरात दिलेली. ब्याऐंशी साली लगन झालं, तेव्हापासून हे नानांशी बोलत नाहीत. आज पहिल्यांदा उंबरा ओलांडला, तर हे असं.

डॉक्टर : बोलत नाहीत, आणि गळा मात्र धरलाय.

भागाबाई : नाक्यावरचा पोलीस तेच म्हणाला. मेटाडोरमध्ये डोकावला आणि म्हणे, हा माणूस म्हाताऱ्याचा गळा का दाबतोय? मी म्हटलं, दाबू द्या साहेब. म्हणे, तुम्ही कोण? मी म्हटलं, बायको. त्यानं गाडीच बाजूला घ्यायला लावली.

झुलाल : मी म्हटलं, हात काढीसन दाखाडू का? मंग सोडं.

डॉक्टर : धार कुठवर उडाली होती?

झुलाल : कॅलेंडरपर्यंत. संकष्टी दिसत नही आता.

डॉक्टर : आणि हा टॉवेल? नवा दिसतोय. लेबल आहे अजून.

भागाबाई : तो मानाचा शे. आता काय सांगू तुम्हाला! प्रमिलाच्या लग्नात नाना माईकवरून एकेकाचं नाव पुकारून टॉवेल-टोपी देत होते. बठ्ठ्या गावाला दिली. मामांना दिली, मास्तरांना दिली, बॅण्डवाल्याला दिली...

झुलाल : दोन.

भागाबाई : हां, बॅण्डवाल्याला दोन. आणि नवरदेवाच्या बापाचंच नाव पुकारायचं राहिलं.

झुलाल : मी पुढल्याच खुर्चीवर व्हतो. खुर्ची आवाजबी करत व्हती.

भागाबाई : यांनी तिथंच डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, आता अभिमन नाना घालतील तेव्हाच टोपी. नऊ वर्षं उघड्या डोक्यानं फिरतात. खान्देशचं ऊन, डॉक्टरसाहेब!

झुलाल : खिशात कांदा ठेवस.

डॉक्टर : बरं. बाई, नीट आठवून सांगा. याआधी रक्त आलं होतं? काल, परवा? थोडंसं?

भागाबाई : काल सकाळी. चमचाभर.

डॉक्टर : ती सूचना असते. रेडिएशनचा, विजेचा शेक दिला की गाठीबरोबर आजूबाजूची नसही विरत जाते. आधी थोडं येतं, थांबतं, आणि मग एकदम फुटतं. शेक दिला तेव्हा मुंबईच्या दवाखान्यात सांगितलं नव्हतं, थेंबभर आलं तरी दवाखाना गाठा म्हणून?

भागाबाई : सांगितलं होतं. मी गाडीही बोलावली. नाना बसेचनात. त्यांची बोलायची पाटी आहे, तिच्यावर लिहिलं : ‘उद्या व्याही येणार. आधी टोपी.’ मग मी मानेवर हळद दाबली आणि पुरण वाटायला घेतलं.

झुलाल : म्हणजे? माझ्यासाठी थांबले?

भागाबाई : तुम्ही नऊ वर्षांनी हो म्हटलं होतं, भाऊ. आम्ही दवाखान्यात निघून गेलो असतो, तर तुम्ही काय म्हटलं असतं? बघा, परत टाळलं.

झुलाल : ...म्हटलं असतं.

डॉक्टर : हात.

झुलाल : जागेवर शे.

भागाबाई : आज नानांनी यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, टोपी घ्यायला फडताळाकडे वळले, आणि धार. यांनी खांद्यावरचाच टॉवेल ओढला आणि दाबला. टोपी फडताळातच राहिली.

डॉक्टर : ऐका आता. डाव्या बाजूची मोठी नस फुटलीय. ती बांधावी लागेल. ती मेंदूकडे जाते. बांधल्यावर उजवा हात, उजवा पाय लुळा पडू शकतो. पडेलच असं नाही. नाही बांधली तर मात्र पुढचं काही बोलायचं कारणच नाही.

भागाबाई : नाना, ऐकलं ना? ...बांधा म्हणतात. उशीर नको म्हणतात. आणि पाहुण्यांना चहा विचारा म्हणतात.

डॉक्टर : त्यांनी फक्त डोळे मिटले.

भागाबाई : त्याच्यातच म्हणाले.

डॉक्टर : झुलालभाऊ, तुम्ही आत यायचं. तुमचं बोट बरोबर नसेवर बसलंय. आता हात बदलायला गेलो तर मधल्या मधे धार सुटेल. मी खालून नस मोकळी करून पकडेन, मग सांगेन, तेव्हाच काढायचा. चपला पायानंच काढा. सिस्टर, यांना टोपी घाला.

झुलाल : टोपी नही.

डॉक्टर : ऑपरेशनची टोपी आहे हो. केस पडतात.

झुलाल : मग ती टोपी नही का?

डॉक्टर : ...टोपीच आहे.

झुलाल : मग नही. गावासमोर शब्द दियेल शे.

डॉक्टर : सिस्टर, घालून टाका. अहो, डोकं झटकू नका! डोकं हललं की खांदा हलतो, खांदा हलला की बोट हलतं. दारावर पाटी बघा : टोपी घातल्याशिवाय आत प्रवेश नाही. मीच लावलीय.

झुलाल : मी हात काढस नही आणि टोपी घालस नही.

डॉक्टर : वीस वर्षांच्या नोकरीत मला असा पेच...

भागाबाई : थांबा. नाना हात पुढे करताहेत. टोपी मागतात. सिस्टर, द्या त्यांच्या हातात.

डॉक्टर : त्या हाताला सलाईन आहे.

भागाबाई : सलाईनसकट घालतील.

झुलाल : मी वाकतो. हात तिथंच ठेवून वाकतो.

डॉक्टर : सावकाश. अजून खाली. ...बसली. उलटी बसलीय, शिवण वर आलीय.

झुलाल : उलटी राहू द्या.

डॉक्टर : चला आता.

भागाबाई : नाव पुकारायचं राहिलं.

डॉक्टर : काय?

भागाबाई : नाव पुकारल्याशिवाय मान होत नाही. मागच्या वेळी त्याच्यावरूनच झालं ना सगळं.

डॉक्टर : पूर्ण नाव?

झुलाल : झुलाल पुना पाटील. राहणार शिरपूर.

डॉक्टर : झुलाल पुना पाटील, राहणार शिरपूर, यांना अभिमन नानांकडून टोपी. सिस्टर, हसू नका, दार उघडा.

\* \* \*

डॉक्टर : झुलालभाऊ, ती टोपी कालच परत द्यायची होती. धुवायला जाते.

झुलाल : मानाची टोपी कोणी धुवायला देतं का?

डॉक्टर : असू द्या. नाना, माझ्याकडे बघा. डावा हात उचला. छान. आता उजवा. ...उजवा, नाना. ...नुसतं बोट हलवा. ...पुन्हा.

भागाबाई : उचलतील. थोडं थांबा म्हणतात.

डॉक्टर : या वेळी त्यांनी डोळेही मिटले नाहीत, बाई. जरा दाराशी या. हे बघा, नस बांधली, रक्त थांबलं. मूळ दुखणं आहे तिथं आहे, ते मी लपवत नाही. पण उजव्या बाजूचं कालच बोललो होतो.

भागाबाई : घास मी भरवीन. पाटीवर डाव्या हातानं लिहितील. अक्षर तसंही कोणाला लागत नव्हतं.

झुलाल : डाक्टर.

डॉक्टर : एक मिनिट हं. बाई, व्यायाम दाखवून ठेवतो, रोज...

झुलाल : डाक्टर, माले वळता येत नही. मी नानांची चादर सारखी कराले वाकलो व्हतो, तसाच शे.

डॉक्टर : का? कंबर धरली?

झुलाल : नही. नाना टोपी सुलटी करताहेत.

डॉक्टर : कोणत्या हातानं?

झुलाल : उजवा शे.