सिद्धराम मामाचं पान

(मुदखेड. शिवकुमारच्या घराची पुढची खोली. टेबलावर त्यानं काढलेली लहान मुलांच्या पुस्तकाची चित्रं पसरलेली. समोर पुस्तकाची लेखिका लुंबिनी.)

लुंबिनी : खरं सांगा, शिवकुमार. आत्ता ज्यांनी मला दार उघडलं, तेच ना हे? चित्रातले सिद्धराम मामा?

शिवकुमार : हाव, आप्पाच हायत ते, माझे वडील. मुद्दाम न्हाई काढले, मॅडम. शिपाई काढायला बसलो की हात तिकडंच वळतो. शाळेत शिपाईच होते ना ते.

लुंबिनी : उतरलेत अगदी हुबेहूब. पण मी लातूरहून आले ती शेवटच्या चित्रासाठी. सात प्रकरणांची झाली, आठव्याचं अडलंय. सोमवारी पुस्तक छापायला द्यायचंय.

शिवकुमार : आठवं माझ्याच्यानं व्हईना.

लुंबिनी : का? सोपं तर आहे. शाळेची घंटा हरवते, हेडमास्तर सगळ्यांपुढं मामांवर आळ घेतात. मग वर्गातली अक्षरा आणि माउली शोध लावतात, की हेडमास्तरांनीच ती दुरुस्तीला दिली होती आणि विसरून गेले. शेवटी घंटा वाजते, पोरं नाचतात.

शिवकुमार : आन् मामा?

लुंबिनी : मामा... घंटा वाजवतात की.

शिवकुमार : चार प्रकरणं त्यांना चोर म्हणलंत तुम्ही. मग त्यांच्याशी कुणी एक शब्द बोलत न्हाई.

लुंबिनी : अहो, रहस्यकथा आहे ती. वाचणारी पोरं नुकती अक्षरं जोडायला शिकलेली. चोर कोण, एवढंच त्यांना पाहिजे असतं.

शिवकुमार : मी बी तेवढाच होतो, दुसरीत. शाळेचं सूक्ष्मदर्शक हरवलं. खोलीच्या किल्ल्या आप्पाकडं. प्रार्थना झाली तशी साऱ्या शाळेपुढं हेडमास्तर म्हणले, "रामलिंग, कुठं विकलंस ते?" मी रांगेत पुढंच हुबा होतो.

लुंबिनी : अरे देवा. सापडलं का मग?

शिवकुमार : चार महिन्यांनी. उमरीला प्रदर्शनात नेलं होतं, तिथंच राहून गेलेलं. गुपचूप आणून कपाटात ठेवलं. आप्पाला कुणी काही म्हणलं न्हाई. किल्ल्या बी परत दिल्या न्हाईत. पुढं अकरा वर्षं त्यांनी झाडलोट केली. रोज सकाळी दुसरं कुणी येऊन कुलूप काढेस्तोवर दारात थांबायचे.

लुंबिनी : शाळेपुढं तुम्ही काय केलंत, त्या दिवशी?

शिवकुमार : खाली बघितलं. आप्पानं माझ्याकडं बघू नये म्हणून.

लुंबिनी : पुस्तकाची बत्तीस पानं ठरलीत. एकही वाढवता येत नाही. थांबा. नाच काढून टाकू. ते पान मामांना देऊ. द्या ती पेन्सिल.

शिवकुमार : काय लिहून राहिलात?

लुंबिनी : अक्षरा आणि माउली म्हणतात, "मामा, माफ करा."

शिवकुमार : आप्पाला दाखवू? पहिली सात प्रकरणं वाचलीत त्यांनी. एकेक चित्र झालं की घेऊन बसतात.

लुंबिनी : वाचून काही म्हणाले?

शिवकुमार : "रंग चांगला लागलाय." एवढंच. आप्पा! जरा इकडं या. हे वाचा.

रामलिंग : चष्मा... हां. "मामा, माफ करा." हे लेकरं म्हणून राहिलीत?

लुंबिनी : हो, मामा.

रामलिंग : लेकरांनी कशाला म्हणावं, बाई? त्यांनी तर शोधून काढलं बिचाऱ्यांनी.

लुंबिनी : मग कोणी म्हणायचं?

रामलिंग : आळ ज्यानं घेतला त्यानं. आन् खोलीत बोलावून न्हाई. पोरांपुढं. आळ बी तिथंच घेतला ना?

लुंबिनी : खरंय. काय म्हणावं हेडमास्तरांनी? वाक्य लहान पाहिजे, पहिलीच्या पोराला वाचता यावं असं.

रामलिंग : "चूक माझी होती." बस. लई बोलू नये अशा टायमाला.

लुंबिनी : लिहिलं, मामा.

शिवकुमार : आप्पा, खिडकीपाशी हुबे ऱ्हा जरा. तुम्हाला बघून काढतो.

रामलिंग : आत्ता? ह्याच सदऱ्यावर?

शिवकुमार : हाव, ह्याच.

रामलिंग : हात कुठं ठेवू?

शिवकुमार : कुठं बी. जसं हाय तसं.

रामलिंग : आन् मान? वर करू का?