हॅनाची आई तापानं गेली

नको, हात थांबवू नकोस — आणि बोलूही नकोस, ठाऊक आहे मला तुमचा नियम. तुमच्या या जुन्या गावाच्या म्युझियमच्या फाटकाशी त्या झालरीच्या टोपीवाल्या बाईनं पाढे म्हटल्यासारखा सांगितला — आत पाऊल टाकलं की साल अठराशे अडतीस, इथल्या माणसांना पुढचं काही माहीत नाही, गाडी नाही, फोन नाही, टीव्ही नाही. मग मराठी कुठून असणार? तेव्हा तू आपली घुसळ, मी बोलते. घरी मी तोंड उघडलं की तू वर जाऊन दार लावून घ्यायचीस. इथे हातात दांडा आहे, दारात ते म्हातारा-म्हातारी कॅमेरा घेऊन उभे आहेत, जातेस कुठे? 'गुड डे, मॅम' म्हणालीस मघाशी. मॅम! जन्म दिलेल्या बाईला! पण असू दे. तीन महिन्यांत काहीतरी म्हणालीस तरी. त्या म्हातारीनं मला वाटेत काय विचारलं ठाऊक आहे? तुम्ही कुठल्या सालातल्या, म्हणून. साडी बघितली ना. मी म्हटलं, जन्म एकोणीसशे बेचाळीसचा, आता चव्वेचाळीस, आणि तिकिटावर आलेय.

काय अवतार केलायस पण! डोक्याला टोपी, पायघोळ झगा, वर अ‍ॅप्रन, तोही ऑगस्टच्या या उकाड्यात. विनीतामावशीकडच्या दिवाळीला परकर-पोलकं घाल म्हटलं होतं तर 'मॉम, इट्स अ कॉस्च्यूम' म्हणून तासभर रडली होतीस — आणि हे काय आहे? पहाटे साडेपाचला गायीची धार काढतेस म्हणे. घरी शनिवारी बाराच्या आत तुझा पाय जिन्यावर दिसला नाही. आपल्या डिशवॉशरचं दार कुठल्या बाजूनं उघडतं ते तरी ठाऊक आहे का? इथे राखेनं भांडी घासतेस! कराडला नेलं होतं तेव्हा मामाच्या गोठ्याच्या दाराशी नाकाला रुमाल लावून उभी राहिलीस, 'ग्रोस' म्हणालीस, मामानं मला विचारलं, ग्रोस म्हणजे काय गं? मी म्हटलं, फार छान. आता इथला गोठा रोज साफ करतेस आणि लोक तुझे फोटो काढतात. मामाला पाठवते एक. म्हणावं, बघ, किती ग्रोस.

आणि हे असं नाही गं — ठोकतेस काय, मिरच्या कुटायच्यात का? सावकाश, एका लयीत. साय उबलीय तुझी, म्हणून तासभर झाला तरी गोळा धरत नाही. त्या कोपऱ्यातल्या बादलीतलं गार पाणी ओत आत तांब्याभर. बघतेस काय, ओत! ती मार्था, तुमची मालकीण झालेली — ती पुस्तकात वाचून आलीय. मी नऊ वर्षांची असल्यापासून केलंय. मळ्यावर चार म्हशी, उजाडायच्या आत रवीची दोरी हातात, शाळेत जाईपर्यंत तळहात लाल. हा बघ घट्टा, अंगठ्याखाली, अजून गेला नाही. तुला सांगितलं होतं इस्त्रीचा चटका म्हणून. सगळ्यांना सांगते ना मी, प्रताप — तुझे बाबा — हुशार, गोल्ड मेडल, म्हणून लग्नाला हो म्हटलं — गोल्ड मेडल कुणाला कळत होतं? कोणीतरी म्हणालं होतं अमेरिकेत लोणी कागदात गुंडाळून मिळतं. हसू नकोस. अठराशे अडतीसमध्ये पाहुण्या बाईसमोर असं हसतात का? एवढा समुद्र ओलांडून मी या दांड्यातून सुटले, मुलीला चुकूनसुद्धा शिकवलं नाही, कप उचलू दिला नाही — आणि मुलगी हौसेनं फॉर्म भरून परत त्याच दांड्याला!

तुला वाटत असेल, ही आज उगवली. नाही. सातवा मंगळवार. बाबांना वाटतं मी श्रूजबरीच्या लायब्ररीत जाते. 'काय वाचलंस?' विचारलं तर 'हिस्टरी' म्हणते — खोटं कुठे आहे? पास काढलाय सीझनचा, फाटकावरचा तो जाडा मला 'मिसेस ट्यूसडे' म्हणतो. मांस धुरवायचं ते खोपट आहे ना, त्याच्याआड उभी राहते. काही नाही, उगाच — तुम्ही जेवायला बसता ते दिसतं तिथून. मार्था, तिचा तो खोटा नवरा, खोटा दीर, आणि टेबलाच्या टोकाला तू, यांची हॅना. मार्था विचारते, हॅना, कोंबड्यांनी आज किती घातली? आणि तू सांगतेस! अकरा, त्यातलं एक फुटकं, तांबडी कोंबडी रुसलीय. केवढी मोठी वाक्यं! मी तीन वर्षं रोज विचारत होते कॉलेजात काय झालं — नथिंग. जेवलीस का — आय एट. आणि इथे त्या बाईला कोंबडीच्या मनातलंसुद्धा. परवा ती तुला 'गुड गर्ल' म्हणाली तर लाजलीस चक्क. मी बघितलं. चष्मा लावून आले होते.

गेल्या मंगळवारी मात्र जरा पुढे सरकले, गर्दी होती म्हणून. कोणीतरी विचारलं, हॅना, तू मूळची कुठली? — रंग बघूनच विचारतात ते, इथेही सुटका नाही — तर तू अ‍ॅप्रनला हात पुसत छान सांगितलंस, वडील जहाजावर असतात, मिरी-दालचिनीच्या व्यापारात. आणि आई? आई तापानं गेली. पाच वर्षं झाली. आवाजसुद्धा हलला नाही तुझा. सगळ्यांनी 'ओऽ' केलं. मीही केलं, ओघात. मग लक्षात आलं — अगं बाई, ही मीच की!

म्हटलं, लिहून दिलं असेल यांनी. तशीच ऑफिसात गेले. तो दाढीवाला मॅनेजर कौतुकानं सांगतोय, छे छे, इथे ज्याची त्याची गोष्ट जो तो स्वतः लिहितो, दीपानं फारच सुंदर लिहिलीय! सुंदर. बाबांना जहाज — ज्या माणसाला तळ्यातल्या पायडलबोटीत उलटी होते. आणि मला ताप. कसला गं ताप? डॉक्टरच्या घरात? पाच वर्षांपूर्वी काय करत होते मी — तुझ्या सायन्स प्रोजेक्टला थर्माकोलचं मूत्रपिंड कापून देत होते. ते कोणी कापलं मग? भुतानं?

खाली काय बघतेस? बरं, म्हणाले होते मी. म्हणाले होते, नाही कुठे म्हणते? मे महिन्यात, तू पुरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलंस, मेडिकलचं सोडलं, हिस्टरी घेतली — आणि मी झारा खाली ठेवून म्हटलं, आजपासून तुझी आई मेली असं समज. तर? बोलतात गं असं आपल्याकडे! माझी आई वर्षातून चारदा मरायची. मी सायकल शिकले तेव्हा मेली, केस कापले तेव्हा मेली, अमेरिकेला निघाले तेव्हा तर विमानतळावर सगळ्यांदेखत मेली — आणि लगेच पिशवीतून लाडवांचा डबा काढला, डबा परत पाठव म्हणाली. दर वेळी मरून संध्याकाळच्या भाकरीला हजर. कोणी खरं धरतं का? तू धरलंस. स्पेलिंग शिकवलं, पियानो शिकवला, हायवेवर गाडी शिकवली, हे तेवढं शिकवायचं राहिलं. तू वर बॅग भरत होतीस ना, तेव्हा मी जिन्याखाली उभी होते. गॅसवरचं तेल जळत होतं, तरी उभी. कारण पुढे एक वाक्य असतं. मुलीनं म्हणायचं, 'असं काय बोलतेस गं आई', मग आईनं थोडं रडायचं, मग जेवायचं. ते तुझं वाक्य होतं. तू माझ्याशेजारून गेलीस, 'ओके' म्हणालीस. ओके!

ते मेडिकलचं बाबा बघतील, त्यांनी अजून तुझ्या खोलीतली पुस्तकं हलवू दिली नाहीत, पण मी त्यासाठी नाही आले. एवढंच बदल. मला जहाजावर पाठव. आंधळी कर, पांगळी कर, दुसरं लग्न लावून दे माझं, किरकिरी म्हण, कजाग म्हण — पण मारू नकोस. रोज सांगतेस तू. अकराच्या घोळक्याला एकदा, दोनच्या घोळक्याला एकदा. मी घरी भाजी चिरत असते, घड्याळात दोन वाजतात, आणि मला कळतं की आत्ता गेले मी.

हं — ऐकलास? आवाज बदलला. दांडा जड झाला ना? आता जोर नको, नुसतं हलव, गोळा धरतोय. बघ, पाणी ओतायला सांगितलं कोणी! झाकण काढ — अगं, केवढं आलं! काढून लगेच गार पाण्यात टाक, तीनदा धू, नाहीतर उद्या वास मारेल. मार्थाला सांगू नकोस, तिला वाटू दे पुस्तकातलंच.

थांब. म्हातारी काहीतरी विचारतेय तुला. हे घुसळणं कोणी शिकवलं म्हणतेय. तुझ्या आईनं का, म्हणतेय. घे, आलीच वेळ. बोल. मी खिडकीकडे तोंड करते. मी कोणी नाही, मी पुढच्या सालातली आहे, मला काही ऐकू येत नाही. बोल ना, ती वाट बघतेय —

काय म्हणालीस?

हो. आईनंच शिकवलं, म्हणालीस. तापातून उठली ती, म्हणालीस. आणि पुढे काय ते? परत सांग तिला. दिवसभर तोंड बंद नसतं तिचं, मॅम? कोणाचं — माझं? मी कधी —

बरं.