टीव्हीवरची जांभई

हॅलो?… हो, मीच, मार्लिस. या घरात फोन उचलायला दुसरं कोण आहे?… नाही गं, झोपले कुठली. दुपारी आडवं व्हायची चैन तुमच्या ओमाहात. मी आत्ता येतेय शाळेतून, अजून अंगावरचा ॲप्रन काढला नाही… राग? छे. राग नाही, रोंडा. किळस आलीय. कालपासून तोंडाची चव गेलीय.

आधी आईला दे फोन… का?… येत नाही म्हणते?… काय म्हणाली? नाही, नीट सांग, तिच्या शब्दांत सांग… 'माझ्या रडण्यावर जिला जांभई येते तिच्याशी मी काय बोलू?'… असं म्हणाली. बरं.

आणि घरी कधी आणतेस तिला?… म्हणजे? कार्यक्रम बघायला म्हणून नेलंस ना? एका रात्रीसाठी?… राहू दे म्हणते? किती दिवस?… अगं, तिच्या गोळ्या इथं आहेत, तिचं मांजर इथं माझ्या पायात घोटाळतंय, आणि ती तिथं…

ऐक. मध्ये बोलू नकोस, ऐक ना. तुम्ही बघितलंत तुमच्या सोफ्यावर बसून. मी कुठं बघितलं माहितीये?… माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये. सगळं गाव! भिंतीवर हा एवढा पडदा. हाव्रानेकबाईंनी कोलाचे केलेले, ते खसखस भरलेले गोड पाव. आपल्या गावची बाई त्या घरं नवी करून देणाऱ्या 'तोडा आणि जोडा'मध्ये येणार, गंमत आहे का? आणि पडद्यावर आई हमसून रडतेय, मागं ते रडकं संगीत… आणि एकदम मी! पडदाभर. आ वासून. दाढेतली चांदीसुद्धा दिसली माझ्या!… नाही, कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हाव्रानेकबाईंनी माझ्यापुढची कोलाच्यांची बशी उचलली आणि पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवली. आणि फादर कुबिक जाताना खांद्यावर हात ठेवून काय म्हणावेत? 'मार्लिस, शनिवारी चारनंतर मी चर्चमध्येच असतो.' म्हणजे ये, कबुली दे पापाची!… हसतेस? हस.

आज शाळेत पोरं ट्रे घेऊन रांगेत उभी. मी पळीनं कॉर्न वाढतेय, आणि एकेक कारटं माझ्याकडं बघून जांभई देतंय… हो, मुद्दाम. ती पिटुकली पहिलीतलीसुद्धा.

काय म्हणालीस?… मनोरंजन? याला मनोरंजन म्हणतात?… अगं, लाव ना कुठलंही चॅनेल. एकावर दोन माणसं बेटावर किडे खातायत. दुसऱ्यावर ओठ फुगवलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर वाइन फेकतायत. तिसऱ्यावर तो न्यायाधीश, पोराचा बाप कोण ते बोंबलून सांगतोय, आणि लोक टाळ्या वाजवतायत! आणि मध्ये मध्ये जाहिराती. कसल्या, तर बद्धकोष्ठाच्या. नाही, जाहिराती बऱ्या. त्यात निदान शेवटी सांगतात तरी, चक्कर येईल, उलटी होईल म्हणून. या कार्यक्रमांच्या खाली लिहायला नको का तसं?

बरं, काम तरी धड करावं! त्या नव्या स्वयंपाकघराचं सांगू?… सांगते ना. सिंकखालचे तीन ड्रॉवर खोटे आहेत. नुसत्या मुठी चिकटवल्यात. चौथा ओढला तर फळीच हातात आली. ओव्हनला बटणं नाहीत, काचेवर बोट फिरवायचं, आणि आईचं बोट पिठानं माखलेलं. कॅमेरे गेले त्याच आठवड्यात नळ गळायला लागला. आणि तो कार्यक्रमातला चकचकीत दातवाला… ब्रॅक्स्टन, तोच… तो म्हणतो, 'आम्ही एक आयुष्य बदललं.' बदललंस बाबा. भांडी न्हाणीघरात घासतेय ती.

नाही, मी विषय बदलत नाहीये. माझं एकच काम आहे तुझ्याकडं. आईला सांग, ती जांभई कधीची ते… तुला ठाऊक आहे, रोंडा. तू माझ्या शेजारी उभी होतीस. अंगणात! शूटिंगच्या दिवशी, भल्या सकाळी! त्यांचे दिवेवाले दिव्यांशी खेळत बसलेले. घर फोडणार या धास्तीनं आदल्या रात्री आईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, मी तिच्याजवळ बसून होते. तूच कॉफी आणून दिलीस, तूच म्हणालीस, 'जा जरा पड.' म्हणालीस की नाही?… मग! ती ती जांभई. उचलली आणि चिकटवली आईच्या रडण्याला. अगं, मी जांभई देतेय तेव्हा माझ्या मागं अक्रोडाचं झाड दिसतंय! स्वयंपाकघरात झाड कुठून उगवलं? हॉलमध्ये एवढी माणसं, एकाला विचारावंसं वाटलं नाही… हो. खरंय. झाडाकडं कोण बघतं.

तर सांगशील?… का नाही?… 'ती खूश आहे'. तुझ्या शेजारणी तिच्याबरोबर फोटो काढायला येतायत. बरं… तिचा विरस कशाला करायचा. बरं…

थांब. आईचा विरस का तुझा?… नाही, स्पष्टच बोलते. माझी जांभई खोटी म्हटलं की तुझे अश्रूही खोटे निघतात. म्हणून ना?… रोंडा, मी बाटली बघितली. ती कानात यंत्र घातलेली त्यांची पोरगी तुझ्या डोळ्यांत थेंब सोडत होती, आणि तू मान वर करून उभी होतीस. आणि काल सगळ्या देशानं बघितलं, शहरातली लेक आईसाठी कशी ढसाढसा… मी कुठं म्हणाले तुझी माया खोटी? माया खरीच आहे गं. थेंब खोटे आहेत.

कोण बोलतंय मागं?… आई आहे? दे. दे तिला. रोंडा, पाया पडते, दे…

आई?… हो, मार्लिस. जेवलीस का?… हं. मांजर बरंय. कालपासून दाराशी जाऊन बसतंय… आई, ती जांभई तेव्हाची नव्हती… नव्हती गं. तू कपाटापाशी रडत होतीस तेव्हा मी तुला चिकटून उभी होते… डोळ्यांनी पाहिलंस, पण टीव्हीवर पाहिलंस ना? तू तिथं होतीस की, आई! तू स्वतः!… ते खोटं कशाला दाखवतील? अगं, ते तेवढ्यासाठीच…

काय? आनंदानं?… तू आनंदानं रडत होतीस?… हो, तो निवेदक म्हणाला आनंदाश्रू, मीही ऐकलं. पण आई, तो ब्रॅक्स्टन घण घालत होता. बाबांच्या कपाटावर! बाबांनी थंडीभर गोठ्यात बसून केलेलं ते… तू म्हणालीस, 'मार्लिस, थांबव त्याला.' मी ओरडले, तर त्यांनी मला मागं ओढलं… आठवत नाही?… अजिबात नाही?

बरं, मला सांग, हात आठवतो?… कुणाचातरी हात धरला होतास तू. घट्ट. नखं रुतवली होतीस, माझं मनगट दोन दिवस निळं होतं… हां. हां, खरखरीत… रोंडाचा नाही गं, रोंडाचे हात मऊ… हो. माझाच. माझाच तो, आई. आठवला ना?… थोडासा? थोडासाही पुरे. रडू नकोस… मी कुठं रडतेय.

टीव्हीवर काय लागलं?… तोच कार्यक्रम पुन्हा दाखवतायत? आत्ता?… असू दे, तू बोल माझ्याशी… काय बघतेस?… हात? हात बघतेस?… नाही, आई, नको. नाही दिसायचा तो. तुझा नुसता चेहरा घेतलाय त्यांनी, हात खाली राहिलेत… अगं, तुला आठवला ना आत्ता? मग झालं की! तिथं कशाला शोधतेस?… थांब, ठेवू नकोस. मी गाडी काढते, दीड तासात येते, तोवर बघू नकोस… रोंडा! बंद कर तो टीव्ही! रोंडा!… आई, ऐकतेस ना? नाही दिसला म्हणून… आई, नाही दिसला तरी माझाच हात…

हॅलो?… आई?… हॅलो?