राहणाऱ्यांची संख्या

— नाही नाही, समुद्र नंतर बघू, समुद्र कुठे पळून जातोय? तुम्ही आधी या टेपचं टोक धरा. हां, त्या चौकटीला. घट्ट धरा हो, एवढे धट्टेकट्टे एजंट तुम्ही — पंच्याहत्तर. पंच्याहत्तर सेंटिमीटर. जाईल चाकाची खुर्ची. वळताना कोपर घासेल, पण जाईल. बाथरूमचं? ते मघाशीच मोजलं, तुम्ही बाहेर फोनवर होतात तेव्हा. ते दार काढूनच टाकावं लागेल, पडदा लावायचा. हसताय काय? माणूस आत पडला आणि नेमका दाराला टेकून पडला, की दार आत ढकलता येत नाही — तुम्हाला माहीत नसणार, तुमचा काय संबंध. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढलीत, शेवटची चौदा इन्चार्ज सिस्टर म्हणून. म्हणून तर फोनवर म्हटलं ना तुम्हाला, की फोटो नकोत, मी विमानात बसून स्वतः येते. तुमच्या फोटोत या घराला एकही पायरी नव्हती. आणि इथे येऊन बघते तर तीन! कुंडी ठेवली होतीत ना पुढे? ठेवलीच होतीत. असू दे, रागावले नाही, तुमचा धंदा आहे. उतार करून घेऊ लाकडी. पण एवढ्या परक्या मुलखात आपली भाषा बोलणारा एजंट मिळाला म्हणून मी भरवसा टाकला, तर तुम्ही कुंडी ठेवता!

आता हे बघा, खाट इथे. भिंतीला लावून नाही, मधे. यांची उजवी बाजू गेलीय — आमचे हे म्हणजे, मिस्टर — तर उठायचं ते डाव्या अंगावर, म्हणजे डावी बाजू मोकळी पाहिजे, आणि डोकं तिकडे, म्हणजे पडल्या पडल्या खिडकीतून पाणी दिसेल. तेवढं त्यांना द्यायचंय मला. मोठी हौस हो. रस्त्यांच्या खात्यात नकाशे काढायचे, आखणी एवढी नेटकी की साहेब लोक हातात धरून बघत राहायचे. आणि जेवायला बसले की ताटाशेजारी बोटानं एक चौकोन काढायचे — ही खोली, ही पडवी, हा समुद्र. गरम हवेतलं छोटंसं घर. मी म्हणायची, यात माझं स्वयंपाकघर कुठाय? की म्हणायचे, तू कशाला स्वयंपाक करतेस, आपण मासे बघत बसू! पोट भरेल म्हणे बघून. असे होते. तिकडे आमच्याकडे थंडीत हात नुसता लाकूड होतो त्यांचा, बोटं उलगडता उलगडत नाहीत, आणि डॉक्टर पण म्हणाले, उबदार हवा मानवेल. म्हणजे माझ्या मनाचं नाही काही. डॉक्टरांनी सांगितलंय.

माझी खाट? ती — बघू ना. घालीन कुठेतरी. पडवीत घालीन. मला काय, मी कुठेही झोपते, खुर्चीत बसून झोपलेली बाई आहे मी. ते सोडा. सकाळी यांना सांभाळायला म्हणून ती शेजारची बाई भेटवलीत ना, ती मला पसंत आहे. तुम्ही तिची कागदपत्रं दाखवत होतात, मी हात बघत होते. नखं कापलेली, बांगडी नाही, अंगठी नाही — उचलताना ओरखडा उठत नाही. आणि मी मुद्दाम तिच्या अंगावर सगळा भार टाकला, आठवतं? तुम्हाला वाटलं, म्हातारीला चक्कर आली. तिनं काय केलं, आधी पाय फाकवून उभी राहिली आणि मग धरलं. शिकलेली आहे. ती रात्री इथे थांबेल ना? रोज? रविवारी पण? आणि घंटा दाबली तर तिच्या घरात वाजेल अशी सोय — हो, मी असणारच आहे की, पण मी बाजारात गेले, कुठे गेले — तुम्ही असे काय बघताय माझ्याकडे?

कसला फॉर्म? सकाळी भरला तो? त्यात काय चुकलं? आणा इकडे. चष्मा... हां. खरेदीदार — अगंबाई. हे मी खोडलंय? मीच. अक्षर माझंच. खरेदीदार खोडून वर लिहिलंय, नातेवाईक. आणि खाली माझं नाव, फोन, तिकडचा पत्ता. आणि राहणाऱ्यांची संख्या... एक.

सवय हो. दुसरं काय. अर्धांगाचा पेशंट घरी सोडायचा असला ना, की आमच्याकडे आधी सिस्टरनं त्याचं घर बघून यायचं, दार मोजायचं, पायऱ्या, संडास, सांभाळणारं माणूस कोण, आणि मग कागद भरायचा. शेकडो भरले असतील. पेशंट एक, नातेवाईकाचा फोन, नातेवाईकाचा पत्ता. हात चालतो आपोआप. डोकं दुसरीकडे असलं तरी हात चालतो. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं... द्या ते पेन, दोन करते. एक खोडायचा, दोन लिहायचे, झालं.

नका देऊ. राहू दे.

बसा. बसा हो, ती खुर्ची मजबूत आहे, मी हलवून बघितलीय. सहा वर्षं झाली यांना असं होऊन. सहा वर्षांत सलग चार तास झोपले असेन तर शपथ. आणि मी तक्रार करत नाही हां, कामाला मी कधी भ्यायले नाही, वॉर्डात माझ्या वेळेला घंटा दुसऱ्यांदा वाजली असं झालं नाही, पोरी घाबरायच्या मला. पण गेल्या महिन्यात काय झालं, यांना आंघोळीच्या खुर्चीवर बसवलं, पाणी घातलं, टॉवेल आणायला म्हणून बाहेर आले — आणि उभी राहिले. दाराबाहेर. टॉवेल हातात. आत हे हाका मारताहेत, नाव नीट निघत नाही तोंडातून, अर्धंच निघतं, आणि मी उभी. अकरा हाका मारल्या. मोजल्या मी. पाय हलेचनात असं नाही हो, मला जायचंच नव्हतं. मग गेले तर ओठ निळे पडलेले थंडीनं. आणि माझ्याकडे बघून हसले. हसायला येतं म्हणून नाही, मला बरं वाटावं म्हणून. त्या दिवशी मला कळलं की मी आता धोक्याची झालेय त्यांना. दुसऱ्या कुणा सिस्टरनं असं केलं असतं तर मी तिला वॉर्डातून काढलं असतं. मग मला कोण काढणार? मीच ना?

प्रेम नाही असं समजू नका. आहे. म्हणजे — होतं, आणि कुठेतरी असेलही, पण त्याच्यावर एवढे चादरी-टॉवेल येऊन पडलेत की हाताला लागत नाही. मला माझ्या घरात दार लावून झोपायचंय. बस, एवढंच. महिन्या-दोन महिन्यांनी येईन ना मी. येईनच. त्यांना वाटतंय आपण दोघं येतोय. सांगितलं नाही मी. इथे आले, हवा मानवली, बाईची सवय झाली, की मग सांगेन — शोभतं का हे मला, तुम्हीच सांगा. नको, नका सांगू.

थांबा, फोन. नणंदेचा. चार दिवस त्यांच्याजवळ ती राहिलीय. व्हिडिओ लावलाय बयेनं — हां हां, दिसताय, दिसताय! जेवलात? दाढी कोणी केली, हिनं? छान केलीय. हे बघा, ही खोली. आणि ही खिडकी, आणि हा — थांबा, फोन फिरवते — हा तुमचा समुद्र! दिसला? आं? काय म्हणता? समुद्र नको? मग काय दाखवू? हळू बोला, घाई नाही. काय?... परत सांगा...

अहो, आवाज तुटतोय, एक मिनिट हं, एकच मिनिट.

इकडचा आवाज बंद केलाय मी. तुम्हाला ऐकू आलं, काय म्हणाले हे? नाही आलं? म्हणतात, बाई चिडकी नाही ना. मी बाईबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं हो. नणंदेला पण माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

तुम्ही बाहेर थांबा. पाणी-बिणी नको मला. बाहेर थांबा म्हणते ना, गाडीत बसा जाऊन, आणि दार ओढून घ्या.

— हां, बोला. आहे मी. आला आता आवाज. नाही हो... नाही. चिडकी नाही ती.