तांडेलाचा दोस्त

ॲनिमेचं नाव काढलंत म्हणून सांगतो. मुरबे गावी हर्षलच्या अंगणात आम्ही दोघं एका मालिकेवरून वाद घालत होतो. तिच्यात एक जण जहाजाचा कप्तान होण्यासाठी जिवलग मित्राला समुद्रात ढकलतो, आणि तो मित्र सूड घ्यायला परत येतो. हर्षल कोळ्याचा पोरगा, त्याच्या तोंडी कप्तानाचा तांडेल झाला.

"तांडेल व्हायला दोस्ताला दर्यात लोटला! त्याला माफी नाय!" तो ओरडला.

शेजारी त्याचे काका जाळं शिवत होते. ते आयुष्यभर बोटीवर तांडेल. त्यांचा हात थांबला.

"कोणी सांगितला तुमाला?"

"मोबाईलवर बघितलं, काका," मी म्हटलं.

"मोबाईलवर पण आला?" काका पांढरेफटक पडले. "मंग तो दोस्त परत येतो?"

"येतो ना. शेवटच्या भागात ओल्या कपड्यांनी दारात उभा राहतो."

आता मात्र मला काकांचा चेहरा बघवेना. मी घाईघाईनं म्हटलं, "काका, कार्टून आहे ते. खोटं आहे सगळं."

काकांनी सावकाश मान वळवून दाराकडे बघितलं.

"आमचा अजून आला नाय."