न चावणारे बूट

(अमेरिकेतल्या हाऊटन गावातलं बुटांचं दुकान. बाहेर बर्फ. बाकावर म्हातारा रेनो हेइनो, शेजारी त्याची बायको लेम्पी. समोर स्टुलावर दुकानातली ब्रेंडा.)

लेम्पी : अजून एक जोड आण, ब्रेंडा. हाही परत जाणार.

रेनो : थांब. हा बरा आहे.

लेम्पी : काय म्हणालास?

रेनो : बरा आहे. कुठे चावत नाही, घासत नाही.

लेम्पी : ऐकून ठेव गं, ब्रेंडा, परत ऐकायला मिळणार नाही. आमच्या लग्नात यानं चर्चच्या पायरीवर बूट काढले होते. शिवण टोचते म्हणून मोजे उलटे घालतो हा.

ब्रेंडा : पंजा रुंद आहे त्यांचा, म्हणून यावेळी रुंद साचा दिलाय. मिस्टर हेइनो, जरा चालून दाखवा ना. टाच सुटते का?

रेनो : नाही. पायात काही घातलंय असं वाटतच नाही.

लेम्पी : इकडे ये. टोक दाबून बघू दे.

रेनो : मी काय लहान आहे?

लेम्पी : पोरांचे बूट असेच घेतले मी. तेव्हा डोळे होते, तरी अंगठ्याचाच भरवसा. आता तर तेवढाच उरलाय. ... हे काय कडक लागतंय? ब्रेंडा, काढ गं हा.

ब्रेंडा : अगबाई, कागदाचा बोळा. आकार राहावा म्हणून टोकात कोंबलेला असतो, काढायचा राहिला. चूक माझी. पण बोटं पार मुडपली असतील हो, बोलला नाहीत ते?

रेनो : लक्षात नाही आलं.

लेम्पी : तुझ्या?

रेनो : म्हटलं ना, नाही आलं.

लेम्पी : मोज्याच्या शिवणीपायी अख्खा रविवार नासवणारा तू. रेनो, शनिवारी सौनातल्या वाफेत तुझे पाय चोळताना तळव्याचा फोड माझ्या हाताला लागला. जुने बूट घासले म्हणालास. म्हणून तर आज इथे आलो.

रेनो : घासले असतील.

लेम्पी : सौनाच्या भट्टीतला तापलेला धोंडा खाली घरंगळला होता. त्यावर उभा होतास?

रेनो : वास आला तेव्हा कळलं.

ब्रेंडा : मी जरा आतून मोजे बघून येते.

लेम्पी : बस तू. कधीपासून हे?

रेनो : बर्फ पडायच्या आधीपासून. पहिल्यांदा बोटं, मग तळवा. जन्मभर छळलं या पायांनी, म्हटलं, आता सोडलं वाटतं.

ब्रेंडा : डॉक्टरांना दाखवलंत का?

रेनो : गाडी बंद करतील.

लेम्पी : आणि ब्रेक? तो कसा कळतो तुला?

रेनो : इंजिनाच्या आवाजावर. सवय आहे.

लेम्पी : तळ्याच्या वळणावर उशिरा दाबलास. हरीण आडवं आलं म्हणालास.

रेनो : हरीण नव्हतं.

लेम्पी : किल्ली दे.

रेनो : गाडी गेली की घर गेलं, लेम्पी. त्या जंगलात किराणा कोण आणून देणार आपल्याला? तुझा जावई टपूनच बसलाय. गावात खोली बघून ठेवलीय म्हणे. सौना नाही, पलंगाशी मदतीला बोलवायची घंटी.

लेम्पी : मीही बघून आले ती. म्हणजे, चाचपून.

रेनो : मला बोलली नाहीस.

लेम्पी : तू तरी कुठे बोललास?

रेनो : कशी आहे?

लेम्पी : भिंती गुळगुळीत. कुठे हात अडकत नाही.

रेनो : ... कोटाच्या डाव्या खिशात आहे किल्ली.

लेम्पी : ब्रेंडा, ड्वेनला, आमच्या जावयाला, फोन लावून दे. न्यायला ये म्हणावं. गाडी राहू दे इथेच.

ब्रेंडा : लावते. आणि हा जोड खोक्यात घालू?

लेम्पी : नको, पायातच जाईल. दुसऱ्यातला कागद काढलास ना? आण रे पाय, नाड्या बांधते. घट्ट झाल्या तर सांग.

रेनो : ते आता तूच सांगत जा.