चारी बाजूंनी उघडं

फराशबंद गावच्या दवाखान्यात माहरुख इंजेक्शनसाठी थांबली होती. शेजारच्या बाकावर एक खोकणारा म्हातारा आणि त्याची धाकटी बहीण यांची जुंपली होती.

"दादा, त्या चार कमानींच्या घुमटाखाली कुणी झोपतं का? थंडीत तिथं मेंढ्यासुद्धा थांबत नाहीत."

"मी झोपतो ना. डोक्यावर छप्पर आहे."

"आणि भिंती? चारी बाजूंनी वारा आत येतो. छाती बघ कशी भरलीय तुझी!"

"भरू दे. भूकंपात अख्खं गाव बसलं, पण त्या घुमटाचा दगडही हलला नाही."

"म्हणून जन्मभर तिथंच राहणार? माझं घर नवं आहे. लोखंड घालून बांधलंय."

"भिंती आहेत ना त्याला?"

"घराला भिंती नसतील तर काय असेल?"

"गुले, तुझ्या वहिनीला मी भिंतीखालूनच बाहेर काढलं. या हातांनी. आता चार भिंतींत निजलो की श्वास अडकतो माझा."

माहरुखने हातातली चिठ्ठी उगीचच उलटून पाहिली.

"माझ्या घरात तुला देणार त्या खोलीची भिंत पाडते मी."

"खुळी आहेस का? नवरा काय म्हणेल तुझा?"

"कुरकुरेल. आणि मग घण तोच आणेल. एक पाडली तर पुरेल?"

म्हातारा बराच वेळ खोकत राहिला.

"डोंगराकडची पाड. पण हिवाळ्यात सगळे कुडकुडाल."

"कुडकुडू की! ऊठ, तुझं नाव पुकारलंय."